सरासरी भरली, गव्हाण रिकामीच

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी पात्र सोडून शेतांत शिरली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा आणि माढा तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत आधी माणसे बाहेर काढावी लागली आणि मग जनावरे. सोयाबीन, उडीद आणि कांदा पाण्याखाली गेला. गोठ्यामागे रचून ठेवलेल्या कडब्याच्या गंजी भिजल्या, काही वाहून गेल्या. शेजारच्या धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतही हेच चित्र होते. पाणी ओसरल्यावर पहिली मागणी आली ती धान्याची आणि त्याबरोबरच चाऱ्याची.

दोन वर्षांपूर्वी याच दोन तालुक्यांची नावे वेगळ्या यादीत होती. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात करमाळा होता, माढाही होता. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता आणि पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी पडला होता. तेव्हाही पहिली मागणी चाऱ्याचीच होती.

एका वर्षी पाणी नाही म्हणून गव्हाण रिकामी आणि दुसऱ्या वर्षी पाणी फार झाले म्हणून गव्हाण रिकामी. या दोन वर्षांच्या पावसाची बेरीज करून दोनाने भागले तर येणारा आकडा वाईट दिसणार नाही. पण पीक, गवत आणि जनावर यांपैकी कोणीही सरासरीवर जगत नाही. पाऊस किती पडला यापेक्षा तो कधी, किती दिवसांत आणि कोणत्या जमिनीवर पडला यावर त्यांचे आयुष्य अवलंबून असते. ओल्या आणि कोरड्या दुष्काळाचा शेतीवर आणि पशुधनावर होणारा परिणाम समजून घ्यायचा, तर सुरुवात इथून करावी लागते.

पाच हजार आणि पाचशे

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्री चढताना रिते होतात आणि पलीकडे उतरणारी हवा कोरडी असते. या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सातारा आणि सांगली जिल्ह्यांचे पूर्वेकडील तालुके, सोलापूर आणि मराठवाड्याचा मोठा भाग येतो. राज्यातली ज्वारी, मेंढरे आणि माळराने प्रामुख्याने याच पट्ट्यात आहेत, हा योगायोग नव्हे. कमी पावसात जे तग धरते तेच इथे शतकानुशतके टिकले.

या पट्ट्याला पाऊस कमी असण्याची सवय आहे. नवीन आहे तो पावसाचा बदललेला ढंग. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्य भारताच्या १९५० ते २०१५ या काळातील नोंदी तपासल्या. मोसमी पावसाचे एकूण प्रमाण या काळात घटले, पण मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे त्यात आढळले. यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हवा अधिक काळ बाष्प साठवते आणि मग ते थोड्या वेळात रिते करते. मधले कोरडे दिवस वाढतात आणि पावसाचे दिवस अधिक आडदांड होतात.

शंभर मिलिमीटर पाऊस पाच दिवसांत विभागून पडला तर मुरमाड जमिनीतही बराचसा मुरतो. तोच दोन तासांत पडला तर जमिनीची मुरवण्याची गती मागे पडते आणि उरलेले पाणी वाहताना वरची सुपीक माती घेऊन जाते. पर्जन्यमापकात दोन्हींची नोंद सारखीच होते. शेताच्या दृष्टीने मात्र पहिला पाऊस असतो आणि दुसरे नुकसान. २०२५ च्या पुरात अनेक ठिकाणी शेते खडकापर्यंत खरडून गेली. अशा जमिनीवर पुढच्या वर्षी कितीही योग्य पाऊस पडला तरी तो धरून ठेवायला मातीच शिल्लक नसते.

वापशाची वाट

मराठीत ‘वापसा’ हा एक नेमका शब्द आहे. जमिनीत पिकाला पुरेशी ओल आहे आणि मातीच्या कणांमध्ये हवाही खेळते आहे, ही अवस्था म्हणजे वापसा. जास्त पाऊस आणि कमी पाऊस दोन्ही वापसा मोडतात, फक्त विरुद्ध दिशांनी.

काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात. ही माती भरपूर ओल साठवते, म्हणूनच सोलापूर-मंगळवेढ्याच्या भारी जमिनीत रब्बी ज्वारी थंडीत एकही पाऊस न पडता उभी राहू शकते. पण सलग पाऊस झाला की याच मातीतील हवेच्या पोकळ्या पाण्याने भरतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. प्राणवायू मिळाला नाही की त्यांची अन्नद्रव्ये शोषण्याची ताकद जाते आणि गुडघाभर पाण्यात उभे असलेले पीक उपाशी राहते. जमिनीतील नत्राचाही काही भाग सूक्ष्मजीवांच्या क्रियेने वायू होऊन उडून जातो, म्हणून अतिवृष्टीनंतर शेते पिवळी पडलेली दिसतात. याउलट खंड लांबला की ही माती आक्रसते, हातभर खोल भेगा पडतात, कोवळी मुळे तुटतात आणि भेगांतून खालची ओलही उडून जाते.

रब्बी ज्वारीची पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधावी लागते. या महिन्यात पाऊस आलाच नाही तर जमिनीत साठा होत नाही आणि पेरणी रखडते. फार आला तर वापसा येत नाही आणि तरीही पेरणी रखडते. उशिरा पेरलेली ज्वारी दाणे भरण्याच्या वेळी ओलीला महाग होते. दोन्ही वाटांनी गेले तरी धान्य आणि कडबा दोन्ही घटतात.

कडबा कुठे गेला?

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गायी-बैल, ५६ लाख म्हशी, २७ लाख मेंढ्या आणि १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. मोठ्या जनावराला त्याच्या वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास कोरडे खाद्य रोज लागते. म्हणजे ३०० किलोच्या गायीला सात ते आठ किलो. एवढ्या तोंडांना उन्हाळ्यात पुरणारा चारा पूर्वी मुख्यतः ज्वारीच्या कडब्यातून येत असे. खरिपाची ज्वारी काढली की एक साठा, रब्बीची काढली की दुसरा. एक हंगाम फसला तर दुसरा सांभाळून घेई. कडबा नीट रचला तर वर्षभर टिकतो, त्यामुळे चांगल्या वर्षाची शिल्लक वाईट वर्षाला उपयोगी पडे.

गेल्या चार दशकांत हे गणित बदलले. सोयाबीनचे क्षेत्र राज्यात ५० लाख हेक्टरच्या आसपास पोहोचले आणि खरीप ज्वारी अनेक जिल्ह्यांतून जवळपास नाहीशी झाली. यात शेतकऱ्याची चूक नाही. सोयाबीन साडेतीन महिन्यांत हातात येते, त्याचे रोख पैसे मिळतात आणि मळणी यंत्राने काम उरकते. ज्वारीला पाखरे राखावी लागतात, काढणीला मजूर मिळत नाहीत, काढणीच्या वेळी पाऊस झाला तर दाणा काळा पडून भाव मिळत नाही. पण सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. ते टणक असते, जनावरे ते नाखुशीने खातात आणि मळणीच्या वेळी पाऊस लागला तर त्यावर बुरशी येते. परिणामी एका पिकावर, एका हंगामावर आणि त्या हंगामातल्या दोन-तीन आठवड्यांच्या पावसावर गोठ्याचे वर्ष ठरू लागले. पावसाचा लहरीपणा आणि राखीव चाऱ्याची घट, या दोन गोष्टी एकाच काळात झाल्या. आजच्या चाराटंचाईची तीव्रता या दोन्हींच्या गुणाकारातून येते.

तहानलेल्या ज्वारीतले विष

पावसाच्या ताणामुळे चारा कमी होतो, हे सर्वांना दिसते. तो बदलतोही, हे चटकन दिसत नाही. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचे रसायन असते. कीटकांपासून बचाव करण्याची ही वनस्पतीची तजवीज आहे. पान चावले, चिरडले किंवा कोमेजले की पेशी फुटतात, धुरिनची गाठ एका विकराशी पडते आणि त्यातून सायनाइड मोकळे होते. वाढ झालेल्या, फुलोऱ्यात आलेल्या ज्वारीत हे प्रमाण कमी असते. पण पावसाचा खंड पडून खुरटलेल्या ज्वारीत आणि खंडानंतरच्या पहिल्या सरीने फुटलेल्या कोवळ्या फुटव्यांत ते धोकादायक पातळीवर असू शकते.

भुकेले जनावर नेमके या हिरव्या फुटव्यांकडे धावते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले सूक्ष्मजीव सायनाइड मोकळे होण्याची क्रिया आणखी वेगवान करतात. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशी तो वापरू शकत नाहीत. जनावर धापा टाकते, झोकांड्या देते आणि काही मिनिटांत कोसळू शकते. पशुवैद्यक लवकर पोहोचला तर उतारा असतो, मात्र वेळ फार थोडा असतो. म्हणून ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत जनावरे सोडू नयेत, चारा फुलोऱ्यानंतर कापावा आणि चांगला वाळवून किंवा मुरघास करून द्यावा, हा सल्ला दुष्काळी वर्षात जीव वाचवणारा ठरतो.

दुसरा प्रश्न उसाच्या वाढ्यांचा. दुष्काळात चारा छावण्यांमध्ये आणि गोठ्यांतही ऊस आणि वाढे हाच मुख्य आधार असतो. वाढ्यांमध्ये ऑक्झलेटचे प्रमाण अधिक असते. ते शरीरातील कॅल्शियमशी जखडले जाते. जनावराचे पोट भरलेले दिसते, पण कॅल्शियम बाहेर निघून जात असते. आठवडेच्या आठवडे केवळ वाढ्यांवर काढले तर दूध घटते, हाडे कमकुवत होतात, गाभण आणि दुभत्या जनावरांना सर्वाधिक फटका बसतो. वाढ्यांना चुन्याची निवळी किंवा खनिज मिश्रणाची जोड द्यावी, सोबत थोडा कोरडा चारा द्यावा, असे पशुवैद्यक सांगतात ते याचसाठी. छावणीतून परतलेली जनावरे जगलेली असतात, पण त्यांची पुढची एक-दोन वेते मागे पडलेली असतात. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

पाऊस आला, आजार घेऊन

कोरडा काळ संपला की संकट संपले, असेही नसते. गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांचे पोट म्हणजे अब्जावधी सूक्ष्मजीवांची वस्ती असते. कोरड्या वैरणीवर जगणारी ही वस्ती हिरव्या चाऱ्याला सरावायला साधारण दोन आठवडे घेते. चार महिने काटक्या खाल्लेल्या मेंढ्या पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत गवतावर एकदम सुटल्या की पोटफुगी होते. आतड्यात एरवी मर्यादेत राहणारे क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू झपाट्याने वाढून विष तयार करतात. याला आंत्रविषार म्हणतात. त्यात कळपातली सर्वांत धष्टपुष्ट, सर्वांत जास्त खाणारी कोकरे आधी दगावतात. ‘कालपर्यंत चांगले होते’ हे मेंढपाळाचे वाक्य यात शब्दशः खरे असते. पावसाळ्यापूर्वीची लस आणि चाऱ्यातील सावकाश बदल हे त्यावरचे उपाय आहेत.

पाऊस फार झाला की वेगळी यादी सुरू होते. ताण, ओल आणि दमट हवा यांत म्हशींना घटसर्प गाठतो. साचलेल्या पाण्यात गोगलगायी वाढतात आणि त्यांच्यामार्फत यकृतातील चपटे कृमी जनावरांत शिरतात. चिखलात सतत उभे राहून मेंढ्यांचे खूर कुजतात. चिखल आणि शेणात वाढणारी, डासांपेक्षाही लहान चिलटे मेंढ्यांत ब्लूटंग म्हणजे नीलजिव्हा रोगाचा विषाणू पसरवतात. ताप, सुजलेले तोंड, लंगडणे आणि कधी निळसर पडलेली जीभ ही त्याची लक्षणे. भारतात या रोगाची पहिली नोंद महाराष्ट्रातीलच आहे, १९६४ मधली. दक्षिण भारतात ज्या वर्षी मोसमी पाऊस जोरदार असतो त्या वर्षी त्याची साथ मोठी असते, असा अनुभव आहे. माणसाला हा रोग होत नाही, पण मेंढपाळाचे वर्ष मात्र तो बुडवतो.

अवेळी पाऊस तर एका रात्रीत होत्याचे नव्हते करतो. १ आणि २ डिसेंबर २०२१ रोजी पुणे आणि अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) जिल्ह्यांत थंडीत संततधार पाऊस झाला. आंबेगाव, जुन्नर, शिरूर भागांत उघड्या रानात बसलेल्या मेंढ्या आणि कोकरे शेकड्यांनी मेली. लोकर कोरडी असते तोवर तिच्यात अडकलेली हवा शरीराची ऊब राखते. ती भिजली की ही हवा जाते, आणि त्यात वारा असेल तर शरीर उष्णता निर्माण करते त्यापेक्षा वेगाने ती गमावते. पोटात पुरेसे खाद्य असेल तर रवंथातून थोडी ऊब मिळते. दोन दिवस चरायलाच न मिळालेल्या मेंढीकडे तीही नसते. त्या दोन दिवसांचा पाऊस वार्षिक आकडेवारीत सहज मिसळून गेला.

माणसाच्या ताटापर्यंत

गोठ्यातला हा प्रश्न गोठ्यातच राहत नाही. ऑक्टोबर १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ पसरली. शंभराहून अधिक माणसे दगावली. घरातले तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली होती, आणि हा तपासातला महत्त्वाचा धागा ठरला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कारण शोधले ते मक्यात. पाण्याच्या ताणात वाढलेला मका पिकण्याच्या वेळी अवेळी पावसात भिजला होता आणि नीट न वाळवताच साठवला गेला होता. त्यावर वाढलेल्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन हे यकृत पोखरणारे विष तयार केले होते. दुष्काळ आणि अवेळी पाऊस एकामागोमाग आले की काय होते, याचे हे भारतातील सर्वांत करुण उदाहरण.

१९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली. काढणीच्या वेळी पावसात सापडून बुरशी लागलेल्या ज्वारीच्या आणि मक्याच्या भाकऱ्या खाल्ल्यामुळे ती आली होती. या वेळी विष होते फ्युमोनिसिन. ते धान्य खाणे थांबवल्यावर रुग्ण बरे झाले. पण बाधा झाली ती गरीब घरांनाच, कारण भिजलेले धान्य फेकून देणे त्यांनाच परवडत नव्हते.

आज बुरशीचा मार्ग अधिक आडवळणाचा आहे. माणसाने नाकारलेले काळे धान्य, भिजलेली पेंड आणि बुरशी आलेले भुसकट जनावरांपुढे जाते. गायीने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिनचा थोडासा भाग, साधारण एक ते सहा टक्के, बदललेल्या रूपात दुधात उतरतो. दूध उकळून तो नष्ट होत नाही. भारतात दुधातील या घटकाची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. दूध हा लहान मुलांचा आहार असल्याने ही मर्यादा इतकी कडक ठेवलेली आहे. म्हणूनच ओल्या वर्षात चारा कोरडा ठेवण्याचा प्रश्न हा शहरातल्या घरांच्याही आरोग्याचा प्रश्न आहे.

माळ ‘पडीक’ नसतो

शेतीचे नुकसान मोजायला निदान सातबारा असतो. गवताचे नुकसान कुणाच्याच नावावर नसते. दख्खनच्या माळरानांवर पवन्या आणि मारवेल ही बहुवर्षायू, जनावरांना आवडणारी गवते आहेत. त्यांची मुळे खोल जातात, म्हणून एखादे कोरडे वर्ष ती सहन करतात. पण खंडाच्या काळात त्यांच्यावर सतत चराई झाली तर मुळांतला अन्नसाठा संपतो आणि पुढच्या पावसात ती उगवत नाहीत. त्यांची जागा कुसळी घेते. कुसळी कोवळी असेतो खाता येते. फुलोऱ्यानंतर तिची टोकदार कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातडीत रुततात. दुरून पाहणाऱ्याला माळ पूर्वीइतकाच हिरवा दिसतो.

उपग्रहालाही तो तसाच दिसतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पाऊस, पावसातील खंड, पेरणीखालील क्षेत्र, उपग्रहातून मोजलेली हिरवाई, जमिनीतील ओलावा आणि जलसाठे हे मुख्य निर्देशक आहेत. पूर्वीच्या आणेवारीपेक्षा ही पद्धत निश्चितच अधिक शास्त्रीय आहे. पण हिरवाईचा निर्देशांक मारवेल, कुसळी आणि गाजरगवत यांत फरक करत नाही. रान हिरवे असू शकते आणि मेंढी उपाशी असू शकते.

धनगर मेंढपाळांची पारंपरिक व्यवस्था या अनिश्चिततेवरच उभी होती. पावसाळ्यात माळावर राहायचे, दिवाळीच्या सुमारास घोड्यांवर बिऱ्हाड लादून वाडे कोकणाकडे किंवा बागायती पट्ट्याकडे न्यायचे, वाटेत शेतात मेंढरे बसवायची, शेतकऱ्याला खत मिळायचे आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. पाऊस जिथे असेल तिथे कळप न्यायचा, ही हवामानाशी जुळवून घेण्याची पद्धत होती. आता वाटेतली गायराने घटली, माळांवर चर खणून झाडे लागली किंवा कुंपणे आली, आणि बागायती पट्ट्यात वर्षभर पीक उभे राहू लागल्याने मेंढरे बसवायला मोकळे शेत मिळेनासे झाले. फिरण्याची मुभा गेली की मेंढपाळही एका गावच्या पावसाचा कैदी होतो.

मदतीचे निकष मात्र स्थिर माणूस गृहीत धरतात. आपत्ती निवारण निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार दुभत्या गायी-म्हशीसाठी ३७,५०० रुपये आणि मेंढी-शेळीसाठी ४,००० रुपये मिळत, तेही एका कुटुंबाला तीन मोठ्या किंवा तीस लहान जनावरांच्या मर्यादेत. शंभर-दीडशे मेंढ्यांचा कळप एका रात्रीत गारठून अर्धा झाला, तर या मर्यादेबाहेरचे नुकसान मेंढपाळाचेच. तोही गावापासून शंभर किलोमीटरवर, ओळखीचा तलाठी नसलेल्या शिवारात पंचनाम्याची वाट पाहत असतो.

मोजायचे काय आणि कधी?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे चराऊ कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्ताने समारंभ होतील. महाराष्ट्राला त्यापेक्षा अधिक उपयोगी ठरतील अशा काही साध्या गोष्टी आहेत.

पहिली, चाऱ्याचा ताळेबंद पावसाच्या आकड्याइतक्याच गांभीर्याने आणि वेळेवर मांडणे. खरीप पिकांचे काय झाले आणि रब्बीची पेरणी किती साधली, हे ऑक्टोबरअखेर कळलेले असते. त्यावरून त्या तालुक्यात मार्चमध्ये किती वैरण असेल, याचा अंदाज बांधता येतो. दुसरी, चांगल्या वर्षातली शिल्लक साठवणे. ओला चारा मुरघासात महिनोन्‌महिने टिकतो. निकृष्ट भुसकट आणि काडावर शंभर किलोला चार किलो युरियाचे द्रावण मोजून शिंपडून, तीन आठवडे हवाबंद ठेवले तर त्याची पाचकता आणि पोषण वाढते. मात्र हे काम पशुवैद्यकाच्या मार्गदर्शनाखालीच व्हायला हवे, कारण प्रमाण चुकले किंवा युरिया थेट पोटात गेला तर जनावर दगावते. तिसरी, धान्य आणि कडबा दोन्ही देणाऱ्या ज्वारीला बाजारात सोयाबीनच्या तोडीस तोड स्थान मिळवून देणे. केवळ आवाहनाने पीकपद्धत बदलत नाही, काढणीचे यंत्र आणि खात्रीची खरेदी लागते. चौथी, घटसर्प आणि आंत्रविषाराच्या लसी पावसाआधी गोठ्यात आणि वाड्यावर पोहोचवणे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईसाठी ही नोंदींतली सर्वांत लवकरची तारीख होती. ‘पावसाळ्यापूर्वी’ याचा अर्थ आता जूनचा पहिला आठवडा असा धरून चालणार नाही. पाचवी, फिरत्या कळपांची नोंद ते जिथे आहेत तिथे घेणे, म्हणजे गारपीट आणि शीतलहरीचा इशारा आणि नंतरची मदत त्यांच्यापर्यंत पोहोचेल.

यातले काहीही पाऊस आणणार नाही किंवा थांबवणार नाही. पण चाराटंचाई ही पुरासारखी एका रात्रीत येत नाही. ती ऑक्टोबरात ठरते आणि एप्रिलमध्ये दिसते. छावणी उघडायची की नाही यावर चर्चा सुरू होते तोवर आठवडी बाजारात जनावरांची गर्दी झालेली असते आणि भाव कोसळलेले असतात. शेतकरी आधी भाकड जनावर विकतो, मग बैल, आणि शेवटी दुभती गाय. पुढच्या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला तरी त्या गोठ्यात परतायला कोणी उरलेले नसते. ऑक्टोबर ते एप्रिल हे सहा महिने वापरता आले, तर पाऊस कमी असो वा जास्त, निदान ती शेवटची गाय दावणीला राहील.